नऊ गाड्या, एक मिस्त्री

पहाटे ४:४५, हुंडर

तंबूंत अजून कुणी हललेलं नाही. मिस्त्री उठलाय. कपाळावर बॅटरी, अंगात दोन स्वेटर, वर गॅरेजचा निळा डगला. कॅम्पच्या कुंपणाला लागून नऊ गाड्या उभ्या आहेत. सगळ्या रॉयल एनफील्ड हिमालयन, ४११ सीसीच्या, सगळ्या लेहमधून भाड्याने घेतलेल्या.

तो पहिल्या गाडीपाशी उकिडवा बसतो. दोन बोटांनी चेन वर-खाली करतो. ठीक. पान्ह्याने चाकाच्या तारा एकेक करून वाजवतो. बसका आवाज आला की ती तार सैल. ऑइलची काच बघतो. क्लचची केबल लिव्हरपाशी वाकवून तिचे धागे तपासतो. एक धागा जरी सुटला असला, तरी संध्याकाळपर्यंत केबल तुटते. मग पुढची गाडी.

चौथ्या गाडीचं मागचं चाक बसलंय. मिस्त्री बॅटरी खाली करून जमीन बघतो आणि मान हलवतो. गाडी काटेरी झुडपांना टेकवून लावलीय. ही लेह-बेरीची झुडपं. इथे, लडाखच्या नुब्रा खोऱ्यात, शेतांना त्यांचीच कुंपणं घालतात. फळाचा रस बाटलीत विकला जातो, काटे टायरात जातात.

गाडी मधल्या स्टँडवर चढते. आस निघतो, चेन उतरते, चाक मोकळं होतं. दोन लिव्हर लावून टायरची एक कड बाहेर. ट्यूब काढल्यावर तो टायरच्या आतून हात फिरवतो, अगदी सावकाश. काटा सापडल्याशिवाय ट्यूब परत घालायची नाही, नाहीतर दहा मिनिटांत दुसरं भोक. काटा सापडतो. पेरभर लांब. पॅच, सोल्युशन, फुंकर, दाब. नवी ट्यूब पेटीत आहे, पण ती तो काढत नाही. "नवी पुढं लागंल. हितं पॅचवर भागतंय."

पहाटे ५:२५

चहा आला. स्टीलच्या पेल्याभोवती दोन्ही हात धरून मिस्त्री दोन मिनिटं बसतो. बोटांच्या भेगांत ग्रीस आहे. ते आता साबणाने निघत नाही.

गाव तासगावकडचं. गॅरेज पुण्यात, हडपसरला. पावसाळ्यात ते धाकटा भाऊ सांभाळतो, हा जूनमध्ये वर येतो आणि सप्टेंबरात उतरतो. रोज पंधराशे. जेवणखाण आणि झोपायला जागा सहल काढणाऱ्याकडे. प्रवासखर्च एका बाजूचा. गाड्या चालवणारा गट विमानाने लेहला आला आणि दोन दिवस हॉटेलात पडून राहिला, कारण अंगाला उंचीची सवय व्हायला हवी. मिस्त्री झेलम एक्स्प्रेसने जम्मूला उतरला आणि तिथून शेअर टॅक्सीने श्रीनगर, कारगिल करत चढला. त्याला सवय रस्त्यातच झाली. "आपलं फुकटात झालं," तो म्हणतो.

सकाळी ६:००

पिकअप भरायची वेळ. ड्रायव्हर लडाखी, पन्नाशीचा. मिस्त्री त्याला अचो-ले म्हणतो, म्हणजे आपल्याकडचा दादा. तो मिस्त्रीला उस्ताद म्हणतो. बोलणं दोघांच्या आपापल्या हिंदीत.

मागच्या हौद्यात लाकडी फळी, दोर, दोन जेरीकॅन पेट्रोल, ऑक्सिजनचं सिलिंडर, सामानाच्या बॅगा. मिस्त्रीची पेटी सगळ्यात शेवटी, हाताशी येईल अशी. पेटीत काय आहे ते तो न बघता सांगतो. क्लचच्या केबली चार, ॲक्सिलरेटरच्या दोन. क्लच लिव्हर पाच, ब्रेक लिव्हर तीन. पुढच्या चाकाच्या ट्यूब तीन, मागच्या तीन. प्लग, फ्यूज, चेनची कडी. ब्रेक पॅड. क्लचप्लेटांचा एक संच, गॅस्केट. इंजिन ऑइल. एम-सील, तार, रबराच्या पट्ट्या, जुन्या ट्यूबचे तुकडे.

लिव्हर जास्त का? कारण गाडी पडली की आधी लिव्हर जाते. भाड्याच्या कागदावर प्रत्येक वस्तूचा दर लिहिलेला असतो आणि मोडलं की पैसे चालवणाऱ्याचे. आरसा, इंडिकेटर, लिव्हर, पायटं, टाकीवरचा पोचा. गाडीचं भाडं दिवसाला अठराशे. पण लेहला परत देताना मालक गाडीभोवती फिरतो तेव्हा बऱ्याच जणांच्या तोंडचं पाणी पळतं. स्वस्तातली पर्यायी लिव्हर मिस्त्री पुण्याहून घेऊन येतो. मोडली की आपली बसवतो. मालकाला लिव्हर दिसल्याशी मतलब, चालवणाऱ्याचे दीडदोनशे वाचतात.

परगावच्या भाड्याच्या गाड्या लडाखात फिरवायला स्थानिक संघटना देत नाही. मनालीहून भाड्याने आणलेली गाडीसुद्धा लेहमध्ये उभी करावी लागते आणि पुढे इथली घ्यावी लागते. म्हणून मिस्त्रीला दर सहलीत गाड्या नव्या आणि त्यांचे आजार जुने.

सकाळी ६:३५

नऊ जण हेल्मेट हातात घेऊन उभे. पुण्याचे सहा, नाशिकचे तीन. सगळ्यात लहान अठ्ठावीसची दातांची डॉक्टर. सगळ्यात मोठे अठ्ठावन्नचे, बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांना सगळे काका म्हणतात, मिस्त्रीही.

गटाचा लीडर आजचा रस्ता सांगतो. हुंडर, डिस्किट, खलसर, अघम, मग श्योक नदीच्या कडेकडेने वर श्योक गावापर्यंत. तिथून दुर्बुक, तांगत्से आणि पँगाँगच्या काठी स्पांगमिक. जवळजवळ १६० किलोमीटर. नुब्रातून पँगाँगला जाताना परत खारदुंग ला खिंड चढून लेहला यायला नको म्हणून ही वाट. नदीने खणलेली घळ, दोन्ही बाजूंना उघडे कडे, एक झाड नाही. मध्येमध्ये डांबर, मध्येमध्ये गोटे, आणि जिथे नदी एकेकाळी वाहून गेली तिथे वाळू.

मग मिस्त्री बोलतो. त्याला भाषण येत नाही, चार वाक्यं येतात.

"वाळूत उभं ऱ्हायचं, बसायचं न्हाय. गुडघ्यानं टाकी धरायची. नजर लांब, चाकाखाली बघितलं की पडलाच. पुढचा ब्रेक विसरायचा." मग थांबून, "आन् क्लच. सोडायचा तर पुरा सोडायचा, दाबायचा तर पुरा दाबायचा. मधी ऱ्हायचं न्हाय."

सगळे माना डोलावतात. मिस्त्री पिकअपमध्ये माझ्याजवळ येऊन बसतो. "नवातला एक तरी मधी ऱ्हाणार," तो म्हणतो.

सकाळी ७:००

निघालो. पेट्रोल काल संध्याकाळीच डिस्किटच्या पंपावर भरून ठेवलंय. सकाळी पंप उघडण्याची वाट बघायला वेळ नाही. घाईचं कारण पाणी. वरच्या हिमनद्यांवर ऊन पडलं की बर्फ वितळायला लागतो. ते पाणी नाल्यांतून खाली पोचायला दुपार होते. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला तीन वाजता मांडीएवढा असतो.

डाव्या हाताला हुंडरच्या वाळूच्या टेकड्या. दोन मदारींचे उंट अजून बसलेले आहेत. त्यांची पाळी पर्यटक आल्यावर. काल संध्याकाळी नाशिकच्या एकाने इथेच गाडी वाळूत घातली होती. मागचं चाक आसापर्यंत बुडालं. तो गॅस देत राहिला, चाक आणखी खाली गेलं. मिस्त्रीने गाडी चक्क आडवी पाडली, खड्डा पायाने बुजवला, गाडी उभी केली आणि तिच्या बाजूने चालत, पहिल्या गिअरमध्ये बाहेर काढली. पाच मिनिटांचं काम. ते बघणारे सगळे फोन धरून उभे होते.

सकाळी ८:२०, खलसरच्या पुढे

लेहची गाडीवाट उजवीकडे खारदुंगकडे चढते. आपण नदी धरतो. रहदारी एकदम थांबते. पुढे नऊ धुरळे दिसतात, मग आठ, मग वळणापलीकडे एकही नाही. पिकअप सगळ्यात शेवटी. मिस्त्रीची नजर समोरच्या रस्त्यावर असते. रस्त्यावर ऑइलचा थेंब दिसतो का, एखादा बोल्ट, एखादी सुटलेली पट्टी. पुढच्याला जे कळत नाही ते त्याच्या गाडीने मागे सोडलेलं असतं.

रस्त्याच्या कडेला कामगार. तोंडाला फडकी, डोळ्यांवर चष्मे. डांबराच्या पिंपाखाली जाळ. सीमा सडक संघटनेच्या 'हिमांक' प्रकल्पाचं काम. हे लोक झारखंडचे, दुमकाकडचे. तेही जूनच्या सुमाराला येतात आणि थंडीआधी उतरतात. मिस्त्री काच खाली करून हात करतो. त्यातले दोघे त्याला ओळखतात.

सकाळी ८:५५, अघम

हवा कमी करण्याचा थांबा. प्रत्येक गाडीच्या वॉल्व्हवर तो काडीने टोचतो, सूं आवाज येतो, मग मीटर लावतो. पुढे अठरा, मागे बावीस. मऊ टायर वाळूवर पसरतो, जास्त जागा धरतो, बुडत नाही. पण मऊ टायर गोट्यावर जोरात आपटला तर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते आणि दोन भोकं पडतात. म्हणजे वाळूसाठी कमी हवा पाहिजे, गोट्यांसाठी जास्त. या वाटेवर दोन्ही आहे. अठरा-बावीस ही त्याची तडजोड. कुठल्या पुस्तकात नाही.

एबीएसचं बटण दाबून मागचं बंद करायला तो सांगतो. सुट्या मातीच्या उतारावर मागचं चाक थोडं घसरायला लागतं, तरच गाडी थांबते. एबीएस ते घसरू देत नाही. तीन जणांना बटण सापडत नाही. तो प्रत्येकाकडे जाऊन दाबून देतो.

सकाळी ९:४०

पहिली वाळू. साधारण दोनशे मीटर. नदीकाठची ही वाळू समुद्रावरच्यासारखी नाही. हिमनदीने दगड भरडून केलेली, मैद्यासारखी. चाक गेलं की बाजूला उडते आणि माग लगेच बुजतो.

लीडर गेला. डॉक्टर गेली. उभी, कोपर बाहेर, गॅस कायम. मागून गाडी डावी-उजवी हलते, पण ती हलू देते. मिस्त्री म्हणतो, "बाई बरोबर चालवत्यात." तिसरा, चौथा गेला. पाचवा मध्ये घाबरला आणि बसला. गॅस सोडला. पुढचं चाक लगेच रुतलं, हँडल वळलं, गाडी आडवी. माणूस बाजूला, ठीक. अंगावर पॅड आहेत, बूट आहेत.

मिस्त्री पळत नाही. इथे पळलं की दम लागतो आणि पुढची दहा मिनिटं वाया जातात. तो चालत जातो. गाडीकडे पाठ करून बसतो, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागचा दांडा धरतो आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उठतो. दोनशे किलोच्या जवळपासची गाडी उभी राहते. कंबर वाकवून कुणी उचलायला लागला तर तो ओरडतो. कंबर गेली तर मोसम गेला.

गिअरचा दांडा वाकून इंजिनाला टेकलाय. पेटीतून लोखंडी नळीचा हातभर तुकडा निघतो, दांड्यावर चढतो, एक हिसका. सरळ. क्लच लिव्हरचं टोक मोडलंय. "चालंल. दोन बोटांना पुरंल एवढी हाय." नवी लिव्हर पेटीतच राहते.

सकाळी १०:३०

वास येतो. चालत्या पिकअपमध्येसुद्धा येतो. जळकट, करपल्यासारखा. मिस्त्री मान वर करतो. "क्लच."

वळणापलीकडे काका उभे आहेत. वाळूचा लांब पट्टा त्यांनी दोन्ही पाय टेकवत, अर्धा क्लच दाबून, इंजिन बोंबलवत पार केला. पडले नाहीत. पण आता गॅस दिला की इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही.

"दादा, मी पडलो नाही हां," काका म्हणतात.

"पडला असता तर लिव्हर गेली असती काका," मिस्त्री म्हणतो. आवाजात राग नाही. त्याने केबल ढिली केली, वीस मिनिटं थंड होऊ दिलं, पुन्हा बघितलं. चढावर घसरतोच. प्लेटा गेल्या. इथे उन्हात, धुळीत इंजिन उघडायचं नाही. आत एक कण वाळू गेली तर क्लचवर भागणार नाही. गाडी पिकअपमध्ये.

फळी लागते. अचो-ले हौद्यात चढून दोर धरतो. मिस्त्री, काका, मी आणि एक नाशिककर खालून रेटतो. अर्ध्यावर गाडी अडते. कुणाच्याच छातीत हवा पुरत नाही. तेवढ्यात मागून कामगारांचा ट्रक येतो. चौघे उतरतात, काही न विचारता खांदा लावतात, गाडी वर. पैसे ते घेत नाहीत. मिस्त्री खिशातून गाय छापच्या दोन पुड्या काढून देतो. त्या मात्र घेतात. दर मोसमात तो पुण्याहून दोन डझन पुड्या आणतो. स्वतः खात नाही.

काका आता पिकअपमध्ये, माझ्या शेजारी. बराच वेळ बोलत नाहीत.

सकाळी ११:२०

गोटे. वाळूइतके फोटो त्यांचे निघत नाहीत, पण त्रास त्यांचाच जास्त. मुठीएवढे, डोक्याएवढे, गुळगुळीत. टायरखालून निसटतात. उजव्या बाजूला कडा सरळ वर गेलेला. डावीकडे खाली नदी, राखाडी, गढूळ, आवाज करणारी. ही नदी रिमो हिमनदीतून निघते, आग्नेयेला वाहत येते, श्योक गावापाशी एकदम मोडते आणि उलट वायव्येला वळते. पुढे पाकिस्तानच्या ताब्यातल्या बाल्टिस्तानात सिंधूला मिळते. आपण तिच्या प्रवाहाच्या विरुद्ध चाललोय.

सातव्या गाडीचं पुढचं चाक चिमटलं. शेजारी शेजारी दोन भोकं, बोटभर अंतराने. आता पेटीतली नवी ट्यूब निघते. इथे पॅच लावत बसायला वेळ नाही, पुढे नाला आहे. आस काढण्यापासून चाक बसवण्यापर्यंत सोळा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं, त्याने नाही. हवा भरायला पिकअपच्या बॅटरीवरचा छोटा कंप्रेसर. तो कधीकधी रुसतो, म्हणून पायपंपही असतो. पायपंपाने या उंचीवर हवा भरणं म्हणजे चाळीस दाब आणि विसावा, चाळीस दाब आणि विसावा.

दुपारी १२:१०

नाला. पंधरा-वीस पावलं रुंद. मिस्त्री गमबूट चढवतो, काठी घेतो आणि आत शिरतो. काठीने तळ ठोकत जातो. खड्डा कुठे, मोठा दगड कुठे. पाणी गुडघ्याच्या खाली. बर्फाचंच पाणी. मध्यावर, प्रवाहाच्या खालच्या अंगाला तो उभा राहतो आणि हात वर करतो. एकेक. आधीच्याची लाट विरली की पुढचा.

गाडी मध्येच बंद पडली तर चालू करायची नाही, हे त्याने आधीच सांगितलंय. आत पाणी गेलं असेल आणि पिस्टनने ते दाबायचा प्रयत्न केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग गाडी लेहपर्यंत हौद्यातच, आणि हौद्यात जागा एकाच गाडीची.

आठ गाड्या पार. एकच डगमगली. तिच्या मागच्या दांड्याला मिस्त्रीने हात लावला, तेवढ्याने सावरली. अर्धा तास तो पाण्यात होता. बाहेर येऊन गमबूट उलटे करतो. पाणी पडतं. बुटाला चीर आहे. "दोन मोसम झाले. औंदा घेतो नवीन," तो म्हणतो. मोजे पिळून पिकअपच्या बॉनेटवर टाकतो.

दुपारी १:३५, श्योक गाव

डाळ, भात, बटाट्याची भाजी. मिस्त्री तीनदा भात घेतो. चालवणारे थकून जेवत नाहीत, नुसतं पाणी पितात. तो डॉक्टरबाईंना म्हणतो, "खावा थोडं. पोट रिकामं असलं की डोकं दुखतंय." त्या हसतात आणि खातात.

गावाबाहेरून दौलत बेग ओल्डीकडे जाणारा रस्ता दिसतो. दुर्बुकपासून २५५ किलोमीटर, थेट काराकोरम खिंडीखालपर्यंत. लष्कराचे ट्रक रांगेने चाललेत. तिकडे आपल्याला जायचं नाही.

इथून पुढे डांबर. म्हणजे सगळ्या टायरांत हवा परत भरायची. आठ गाड्या, सोळा चाकं. कंप्रेसर आज रुसला नाही. प्रत्येक चाकाला तीनेक मिनिटं धरली तरी पाऊण तास. लोक सावलीत आडवे झालेत. मिस्त्री वॉल्व्हपासून वॉल्व्हपर्यंत गुडघ्यांवर सरकतो. प्रत्येक गाडीचा एअर फिल्टरही उघडून दगडावर आपटतो. वाटीभर धूळ निघते.

दुपारी ३:१०, तांगत्से

चौकी. परमिटच्या झेरॉक्स. मिस्त्रीच्याही नावाचा कागद आहे, अचो-लेचा नाही, तो इथलाच. वारा सुटलाय. दरीत दुपारनंतर रोज सुटतो. धूळ दातांखाली येते. नाला आता केवढा झाला असेल, असं मी विचारतो. अचो-ले स्टीअरिंगवरून हात काढून छातीच्या खाली धरतो. मग हसून थोडा खाली आणतो.

दुपारी ४:३०, पँगाँग

वळणावर पाणी दिसतं. निळं. गाड्या थांबतात, हेल्मेटं उतरतात, फोन निघतात. साधारण १३४ किलोमीटर लांब तलाव, ४,२०० मीटरपेक्षा उंचावर. खारा, तरी थंडीत गोठतो. २००९च्या 'थ्री इडियट्स'नंतर काठावर फोटोसाठी पिवळ्या स्कूटर आल्या. पैसे देऊन त्यावर बसतात. दिवसभर वाळूत गाडी चालवलेला एक पुणेकर त्या न चालणाऱ्या स्कूटरवर बसून फोटो काढून घेतो.

मिस्त्री उतरतो, तलावाकडे एकदा बघतो आणि तिसऱ्या गाडीखाली वाकतो. पुढच्या शॉकचं सील गळतंय. तो फडक्याने पुसतो. पुन्हा थेंब येतो. नाशिककराला सांगतो, "उद्या खड्डा बघून. लेहपर्यंत जाईल."

संध्याकाळी ५:४०, स्पांगमिक

कॅम्प. इतरांचं आजचं काम संपलं. काकांच्या गाडीचं सुरू झालं.

वारा अडावा म्हणून पिकअप आडवी लावली. खाली ताडपत्री. आधी ऑइल डब्यात काढलं. काळं, करपलेल्या वासाचं. ते इथे ओतायचं नाही. कॅन बंद करून लेहला परत न्यायचं. मग उजव्या बाजूचं कव्हर. बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने पुठ्ठ्यावर टोचून ठेवतो, कारण सगळ्यांची लांबी सारखी नसते. जुनं गॅस्केट चिकटून बसलंय. ब्लेडने खरवडताना एक तुकडाही आत पडू देत नाही. नाकातून श्वास आवाज करत जातो. इथे हवा पुण्याच्या मानाने दोन तृतीयांशच. पाना फिरवला तरी दम लागतो.

स्प्रिंगचे बोल्ट, प्रेशर प्लेट, मग एकेक प्लेट. अस्तर काळं पडून गुळगुळीत झालेलं. लोखंडी प्लेटा निळ्या पडल्यात. एक प्लेट तो काकांच्या हातात देतो. काका ती उलटीसुलटी करतात. "एवढ्यावर सगळा जोर असतो?" "एवढ्यावरच."

नव्या प्लेटा अर्धा तास ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या होत्या. आता एक अस्तराची, एक लोखंडी. स्प्रिंगचे बोल्ट फुलीत, थोडे थोडे. सूर्य डोंगराआड गेला तशी थंडी एकदम उतरली. बोटं वळत नाहीत. तो हात पिकअपच्या इंजिनावर ठेवतो, शेकतो, परत येतो. काका बॅटरी धरून उभे आहेत. कुणी सांगितलं नाही. जेवायला हाक आली तरी हलत नाहीत.

रात्री ८:१५

नवं ऑइल, दोन लिटरच्या आत. केबलला बोटभर ढील. बटण. इंजिन लागतं. पहिला गिअर, क्लच सोडला, गाडी पुढे सरकली. मिस्त्री कॅम्पभोवती एक फेरी मारतो. थांबून कव्हरखाली बोट फिरवतो. कोरडं.

रात्री ९:००

मिस्त्री जेवला. जेवणाच्या तंबूत लीडरबरोबर हिशेब. क्लचप्लेटा, गॅस्केट, ऑइल मिळून साडेतीन हजारांच्या आसपास, काकांच्या नावावर. मजुरी त्यात नाही. ती रोजात आली. नवी ट्यूब साडेचारशे, सातव्या गाडीच्या नावावर. पॅचचे पैसे कुणाला लावत नाहीत. काकांनी पाचशेची नोट वेगळी काढून दिली. मिस्त्रीने ती अचो-लेला दाखवली आणि म्हणाला, "आधा आधा." अचो-लेने नको म्हटलं. मिस्त्रीने त्याच्या खिशात अडीचशे घातले.

वहीत त्याने लिहिलं ते एवढंच. तारीख, श्योक, १५००, वर २५०. क्लच १. ट्यूब १. लिव्हर ०. बूट घेणे.

आज नऊ जण निघाले आणि नऊही जण धड पोचले. आठ गाड्या चाकांवर आल्या, एक हौद्यातून. मिस्त्रीच्या हिशेबात हा चांगला दिवस. उद्या चांग ला खिंडीमार्गे लेह. पावणेपाचला उठायचं.

तुम्ही या वाटेने जाणार असाल, तर हुंडरहून सातच्या आत निघा. गाडी काट्यांपासून लांब लावा. वाळूत क्लचवरची बोटं काढा. आणि सहलीचे पैसे भरताना जेवण, तंबू, पेट्रोल यांची चौकशी करता, तशी मिस्त्रीचा रोज किती धरलाय याचीही करा.